न भिजणारा कापूस, न भिजणारा धातू

दसरा-दिवाळीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही रस्त्याने गेले तरी दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी दिसते. त्यामुळे शाळेत ‘उद्या येताना थोडा कापूस आणा’ असे सांगितले, तर कोणाला बाजार गाठावा लागत नाही. आम्ही एका शाळेत नववीच्या मुलांना तसे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर कापसाचा ढीग जमला. मुलांनी हातानेच सरकी काढली. एका पातेल्यात पाणी घेऊन त्यावर शेतातल्या कापसाचा लहानसा पुंजका अलगद ठेवला आणि शेजारी औषधाच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा तेवढाच पुंजका. दुकानातला कापूस काही सेकंदांत पाणी पिऊन तळाशी गेला. शेतातला तरंगत राहिला. तास संपला, मधली सुट्टी झाली, तरी तो तरंगतच होता.

एका मुलीने विचारले, “दुकानातल्या कापसात औषध घातलेले असते, म्हणून तो बुडतो का?” प्रश्न चांगला होता, कारण खरे उत्तर नेमके उलटे आहे. दुकानातल्या कापसात काही घातलेले नसते. त्यातून काही काढून घेतलेले असते. कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनात पाहिले तर तो तंतूच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो, पण तेवढ्याने पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही. सोड्याच्या द्रावणात उकळून हा थर काढला की उरते ते जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाणी फार प्रिय आहे.

शेतकऱ्यांच्या मुलांनी लगेच हरकत घेतली, की मग अवकाळी पावसात कापूस भिजतो कसा? हरकत रास्त आहे. मेणाचा थर पातळ आहे, पावसाचे थेंब वेगाने येऊन आदळतात, आणि बोंड बरेच दिवस उघडे राहिले की त्यावर धूळ, दव आणि बुरशी यांचा परिणाम झालेला असतो. न भिजणे हा गुण असतो तसा जातोही. ही गोष्ट पुढेही आपल्या उपयोगी पडणार आहे.

याच मेणाची दुसरी बाजू घरोघरी देवापुढे दिसते. वात वळताना कापूस कोणी धुऊन घेत नाही, तरी समईत ठेवल्याबरोबर ती तेल शोषून घेते. पाण्याला नाकारणारा तंतू तेलाला जवळ करतो. मेण आणि तेल यांची रासायनिक जात एकच, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. पाण्याला नाही म्हणणे आणि तेलाला हो म्हणणे ही एकाच स्वभावाची दोन रूपे आहेत. आजच्या लेखाचा विषय हा स्वभाव आहे. तो कापसाकडून कापडाकडे, कापडाकडून धातूकडे कसा गेला, आणि आता त्याच्या मदतीने पाण्यातले प्लास्टिकचे बारीक कण वेचून काढण्याचे प्रयोग कसे चालू आहेत, हे आपण पाहणार आहोत.

मेण काढून टाकण्याची गरज आधी भासली, ती जखमांसाठी. जर्मनीतील ट्युबिंगेनचे शल्यविशारद फोन ब्रून्स यांनी १८७१च्या सुमारास चरबी काढलेला कापूस मलमपट्टीसाठी वापरात आणला. त्याआधी जखमेवर जुन्या तागाच्या कापडाच्या चिंध्या उसवून केलेले धागे ठेवत. १८८०मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे सॅम्प्सन गॅमजी यांनी असा शोषक कापूस जाळीदार कापडाच्या दोन थरांत घालून पट्टी तयार केली. कापड गिरण्यांतही हाच खटाटोप चालतो. मेण राहिले तर रंग धरत नाही, म्हणून सूत किंवा कापड रंगवण्याआधी उकळून घेतात. कोरा पंचा पहिल्या दिवशी अंग पुसत नाही, नुसता अंगावरून फिरतो, हे सर्वांनी अनुभवलेले असते. त्यात खळीचा वाटा आहे आणि राहिलेल्या मेणाचाही.

गंमत अशी की एकीकडे मेण काढण्याचा उद्योग चालू असताना दुसरीकडे माणसाला न भिजणारे कापडही हवे होते. १८२३मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पावसाळी कापडाचे पेटंट घेतले. त्यातून पाणी आत येत नसे, पण हवाही येत-जात नसे. घामाने आतूनच भिजायचे, असा तो प्रकार. ज्यातून वारा जाईल पण पाणी जाणार नाही असे कापड हवे, ही मागणी पुढे शंभर वर्षे कायम राहिली. १९३०च्या दशकात ब्रिटनमधील रसायनशास्त्रज्ञांनी सुती तंतूला मेदाम्लाची लांब साखळी रासायनिक बंधाने जोडण्याची प्रक्रिया तयार केली. म्हणजे आधी कापसाचे स्वतःचे मेण सोड्याने उकळून घालवायचे, मग कारखान्यात केलेले मेण त्याच तंतूला पुन्हा चिकटवायचे!

अशा कापडांची परीक्षा कशी करायची, एक कापड दुसऱ्यापेक्षा चांगले हे कोणत्या मापाने ठरवायचे, या अगदी व्यवहारी प्रश्नातून या विषयाचे शास्त्र उभे राहिले. पाया जुना होता. १८०५मध्ये थॉमस यंग यांनी दाखवले होते की थेंब घन पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे ठराविक कोन करतो आणि तो कोन त्या दोन पदार्थांवर अवलंबून असतो. याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो, कोन शून्याजवळ जातो. मेणबत्तीच्या गुळगुळीत मेणावर तो फुगून बसतो, कोन १०५ ते ११० अंश भरतो. ९० अंशांच्या पुढचा पदार्थ तो जलविरोधी, असे आपण म्हणू. पण एक अडचण आहे. पदार्थ कोणताही घ्या, पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर स्पर्शकोन १२० अंशांच्या पुढे जात नाही. मग बदकाच्या पाठीवरून किंवा अळूच्या पानावरून पाणी मोत्यासारखे घरंगळते ते कसे? तिथे तर कोन १५० अंशांच्या वर असतो.

पहिले अर्धे उत्तर १९३६मध्ये पिट्सबर्ग येथील मेलन संस्थेतील रॉबर्ट वेन्झेल यांनी दिले. तेही कापड जलरोधक करण्याच्याच कामात होते. त्यांनी सांगितले की खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो. ज्याला भिजायचे आहे तो खडबडीत झाला की जास्त भिजतो. ज्याला भिजायचे नाही तो आणखी कोरडा राहतो. उरलेले अर्धे उत्तर १९४४मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेतून आले. ए. बी. डी. कॅसी आणि एस. बॅक्स्टर यांनी दाखवले की विरळ विणलेल्या जलविरोधी तंतूंवर थेंब ठेवला तर तो तंतूंच्या मधल्या फटींत उतरतच नाही. तो थोडा तंतूंवर आणि बराचसा हवेवर टेकलेला असतो. हवेवर टेकलेल्या थेंबाला गोल राहण्यावाचून गत्यंतर नसते. बदकाच्या पिसांचा अभ्यास करून त्यांनी असेही म्हटले की बदकाचे तेल काही अलौकिक नाही, खरी करामत पिसाच्या रचनेची आहे. कापडवाल्यांनी नवनव्या रसायनांच्या मागे लागण्यापेक्षा बदकाची वीण शिकावी, असा त्याचा अर्थ होता. आमच्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि नेमके तेच बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले.

रसायनांच्या मागे लागण्याचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत फ्लोरिनयुक्त रसायनाचे थेंब चुकून कॅनव्हासच्या बुटावर सांडले. ते डाग धुता येईनात, आणि त्यांवर पाणी किंवा तेल काहीच चढेना. १९५६पासून हे रसायन ‘स्कॉचगार्ड’ नावाने कापडांसाठी विकले जाऊ लागले. त्यातील मूळ रसायनकुल निसर्गात विघटित होत नाही आणि माणसांच्या रक्तातही सापडते, असे लक्षात आल्यावर उत्पादकाने २०००मध्ये ते थांबवण्याचे जाहीर केले. २००९मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. पाणी दूर ठेवणारा लेप स्वतःच पाण्याचे प्रदूषण झाला.

कॅसी आणि बॅक्स्टर यांच्या म्हणण्याकडे लोक पुन्हा वळले ते वनस्पतिशास्त्रज्ञांमुळे. जर्मनीतील विल्हेल्म बार्थलॉट १९७०च्या दशकात पानांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पाहण्याआधी पाने धुवावी लागत. त्यांच्या लक्षात आले की काही जातींची पाने मुळातच स्वच्छ असतात, आणि ती गुळगुळीत नसून उलट चांगलीच खडबडीत असतात. १९९७मध्ये त्यांनी सहकारी नाइनह्युइस यांच्याबरोबर कमळाच्या पानावरचा प्रसिद्ध लेख लिहिला. सूक्ष्म उंचवटे, त्या उंचवट्यांवर त्याहून बारीक मेणाचे कण, आणि मधे अडकलेली हवा. त्यांनी अभ्यासलेल्या जातींत आपला अळूही होता. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत फार जुना आहे. पण तो आपण आयुष्याच्या क्षणभंगुरतेसाठी वापरला. पान भिंगाखाली धरून पाहिले ते दुसऱ्यांनी. त्याच सुमारास, १९९६मध्ये, जपानमधील काओ कंपनीच्या संशोधकांनी एका मेणाचे दोन पृष्ठभाग केले. गुळगुळीत पृष्ठभागावर स्पर्शकोन १०९ अंश आला, आणि तेच मेण अतिशय खडबडीत गोठवले तेव्हा १७४ अंश. रसायन एकच, फरक फक्त घडणीचा.

आता धातूकडे वळू. स्वच्छ धातूवर ऑक्साइडचा थर असतो आणि तो पाण्याला जवळ करतो. त्याला जलविरोधी करायचे तर दोन गोष्टी हव्यात : पृष्ठभाग खडबडीत करणे आणि त्यावर मेणासारखे काही बसवणे. मेदाम्लाचा एकाच रेणूइतका जाड थर काचेवर आणि धातूवर पद्धतशीर चढवण्याचे तंत्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९३५मध्ये प्रसिद्ध केले होते. मेदाम्लाच्या रेणूचे डोके धातूला धरते आणि शेपटी बाहेर राहते. बाहेरून पाहणाऱ्या पाण्याला फक्त शेपट्यांचे मेणासारखे रान दिसते.

हे रसायन यवतमाळच्या मुलांना नवे नाही. वणीकडच्या चुनखडकाच्या भागात पाणी जड असते. साबण लावला की फेस येत नाही, पाणी फुटते आणि बादलीच्या काठाला पांढरट, चिकट थर बसतो. तो थर म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि साबणातले मेदाम्ल यांचे संयुग, म्हणजे कॅल्शियमचा साबण. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो पसरत नाही. जस्त, तांबे किंवा लोखंड यांच्या पृष्ठभागावर लॉरिक आम्ल, म्हणजे खोबरेल तेलाचे मुख्य मेदाम्ल, बसवले की याच जातीचा धातूचा साबण तयार होतो. प्रयोगशाळेत आधी धातू आम्लाने कुरतडतात किंवा विजेच्या साहाय्याने त्यावर दुसऱ्या धातूचा खडबडीत थर चढवतात, आणि मग मेदाम्लाच्या द्रावणात बुडवून ठेवतात. तत्त्वतः इतके सोपे आहे.

महाराष्ट्रात या विषयावर काम झाले ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. तेथील एअर ग्लास प्रयोगशाळेत ए. वेंकटेश्वर राव यांचा गट सिलिकाच्या एरोजेलवर काम करत होता. एरोजेल म्हणजे बहुतांश हवा आणि अगदी थोडी सिलिका असलेला, हातात घेतला तर वजन जाणवू नये असा घन पदार्थ. साध्या सिलिकाला पाणी प्रिय असल्यामुळे दमट हवेत तो खराब होई. मिथाइल गट असलेले सिलिकॉनचे संयुग वापरून या गटाने जलविरोधी, आणि २००६च्या सुमारास दाबले तर परत फुगणारा लवचीक एरोजेलही तयार केला. २००७मध्ये त्यांनी तो तेलासारखे कार्बनी द्रव शोषून परत सोडतो हे दाखवले. समईच्या वातीचाच हा गुण, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. २०११मध्ये राव, संजय लठ्ठे आणि सहकाऱ्यांनी हेच रसायन वापरून तांब्याच्या पत्र्यावर अतिजलविरोधी लेप दिला. त्यावर पाण्याचा थेंब टिकत नसे आणि पत्रा लवकर गंजतही नसे. लठ्ठे यांनी पुढे सांगली जिल्ह्यातील जत येथील राजे रामराव महाविद्यालयात स्वयंस्वच्छतेचे गुण असलेल्या पृष्ठभागांसाठी प्रयोगशाळा चालवली. पाणी अडवून तेल जाऊ देणाऱ्या जाळ्यांवरही त्यांच्या गटाने काम केले. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात असे संशोधन होऊ शकते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

वर्गात करण्यासारखा प्रयोग मात्र याहून स्वस्त आहे. स्टीलचा चमचा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकाशी फिरवावा, म्हणजे त्यावर मऊ काळी काजळी बसते. चमचा थंड झाला की त्यावर ड्रॉपरने पाणी टाकावे. थेंब पाऱ्यासारखे पळतात. मग चमचा पाण्यात बुडवावा. काळा चमचा पाण्याखाली चांदीसारखा चमकतो! ती चमक म्हणजे काजळीच्या कणांत अडकलेली हवा. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी कापडासाठी जे गणिताने सांगितले, ते इथे डोळ्यांना दिसते. आता चमचा बाहेर काढून त्यावर बोट फिरवा. सगळे संपते. लेप टिकाऊ करणे हा या विषयातला सर्वांत कठीण भाग का आहे, हे सांगायला वेगळे व्याख्यान लागत नाही.

न भिजण्याच्या गुणाचा उपयोग पाण्यातले कण वेचण्यासाठी करता येईल, ही कल्पनाही नवी नाही. १८७७मध्ये ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी पाण्यात कालवलेल्या खनिजातून ग्रॅफाइट बुडबुड्यांच्या साहाय्याने वर आणण्याचे पेटंट घेतले. ग्रॅफाइट भिजत नाही, म्हणून ते बुडबुड्याला धरून वर येते; माती भिजते, ती खाली राहते. विसाव्या शतकात तांबे, शिसे, जस्त यांची खनिजे वेगळी करण्याची हीच मुख्य पद्धत ठरली. पाण्यात असताना दोन न भिजणारे पदार्थ एकमेकांना चिकटतात. चिकटले की दोघांच्या मधले पाणी मोकळे होते, आणि पाण्याच्या रेणूंना आपल्यासारख्यांच्यात राहणे अधिक सोयीचे असते. पॉलिथिनचा कणही भिजत नाही. त्याचा स्पर्शकोन ९५ ते १०० अंशांच्या आसपास असतो. मग तो न भिजणाऱ्या धातूला चिकटायला हवा.

समुद्रात प्लास्टिकचे बारीक कण तरंगतात, हे १९७२मध्ये कार्पेंटर आणि स्मिथ यांनी अटलांटिकमधील सारगासो समुद्राच्या निरीक्षणावरून लिहिले होते. पण ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला तो २००४मध्ये, इंग्लंडमधील प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या लेखानंतर. ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लास्टिक, असा संकेत आता सर्वत्र मानतात. ते गोळा करण्याच्या अनेक वाटा शोधल्या गेल्या. २०१९मध्ये आयर्लंडमधील फिओन फेरेरा या १८ वर्षांच्या मुलाने तेल आणि चुंबकीय लोहचूर्ण यांचे मिश्रण पाण्यात घालून, प्लास्टिक त्या तेलाला चिकटल्यावर चुंबकाने सगळे बाहेर काढले. त्याला गुगलच्या विज्ञान स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले. किनाऱ्यावरच्या दगडावर सांडलेल्या तेलात प्लास्टिकचे कण अडकलेले पाहून त्याला हे सुचले होते. २०२१च्या सुमारास स्पेनमधील बार्सेलोना विद्यापीठाच्या एका गटाने मेदाम्लाचा उपयोग करून धातूवर अतिजलविरोधी लेप दिले आणि त्यांच्या साहाय्याने पाण्यातले पॉलिथिनचे सूक्ष्म कण पकडून दाखवले. तांबे, लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूची पूड वापरून, म्हणजे कण पकडल्यावर पूडच चुंबकाने उचलता येईल अशा रीतीनेही, त्यांनी प्रयोग केले. यात फ्लोरिनयुक्त रसायनांची गरज पडत नाही, ही आम्हांला जमेची बाजू वाटते.

अशा बातम्या वाचल्या की कोणीतरी विचारतेच, हे आपल्या निळोणा-चापडोहच्या पाण्याला किंवा बेंबळेच्या पाण्याला का लावत नाहीत? आणि दुसरा प्रश्न, यामुळे फ्लोराइडही जाईल का? दुसऱ्याचे उत्तर सरळ नाही असे आहे. जिल्ह्याच्या काही तालुक्यांत कूपनलिकांच्या पाण्यात येणारे फ्लोराइड पाण्यात पूर्ण विरघळलेले असते. तो कण नाही, विद्युतभारित आयन आहे, आणि त्याला पाण्याचा कसलाही तिटकारा नाही. त्याच्यासाठी वेगळे उपाय आहेत, आणि गावाला निवड करायची वेळ आलीच तर फ्लोराइडचा प्रश्न आधी सोडवायला हवा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मायक्रोप्लास्टिकने आरोग्याला नेमका किती धोका आहे हे ठरवायला पुरावा अजून अपुरा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या अहवालात म्हटले होते. फ्लोराइडने दात आणि हाडे कशी होतात हे डोळ्यांसमोर दिसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा लांब आहे. आम्ही काजळीचा तो चमचा पाण्याच्या बरणीत तसाच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याची रुपेरी चमक बरीच ओसरली होती. अडकलेली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि तिची जागा पाणी घेते. प्रयोगशाळेतले चांगले लेप याहून पुष्कळ जास्त टिकतात, पण हीच गोष्ट त्यांनाही चुकत नाही. शिवाय नदीच्या पाण्यात नुसते पाणी नसते. गाळ असतो, शेवाळ असते, साबण असतो. साबणाचे रेणू तर न भिजणाऱ्याला भिजवण्यासाठीच आहेत. पातेल्यात तरंगणाऱ्या कापसाशेजारी साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकले की तो लगेच बुडू लागतो. आणि नदीत काही आठवडे राहिलेला प्लास्टिकचा कणही कोरा राहत नाही. त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि तो मग भिजू लागतो. प्रयोगशाळेतले स्वच्छ पॉलिथिन आणि वर्धा नदीतले पॉलिथिन यांत हा फरक आहे. गावाच्या सांडपाण्यावर नीट प्रक्रिया केली तर त्यातले ९० टक्क्यांहून अधिक मायक्रोप्लास्टिक निघू शकते, असेही त्याच अहवालात नोंदवले आहे. तिथे जुनेच उपाय चालतात : गाळ बसवणे आणि गाळणे. जिथे सांडपाणी सरळ नाल्याला जाते तिथे लेप दिलेला धातू कितीही चांगला असला तरी पुरा पडणार नाही. गाळूनही जे निसटते त्या अगदी बारीक कणांसाठी, किंवा एखाद्या कारखान्याच्या ठराविक पाण्यासाठी, त्याचा उपयोग होऊ शकेल, असे आम्हांला वाटते.

आणखी एक अडचण आहे, ती पुन्हा कापडाकडे नेते. २०१७च्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या अहवालानुसार महासागरात मुळातच सूक्ष्म रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कापडांच्या धुण्यातून येते. त्यात मोठा वाटा पॉलिएस्टरचा. पॉलिएस्टरचा धागा १९४१मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधला, तोही सुती कापड छापणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. हा तंतू पाण्यापेक्षा जड आहे, म्हणून तो तळाशी जातो. आणि त्याचा स्पर्शकोन ९० अंशांच्या आत असतो, म्हणजे तो पॉलिथिनइतका पाण्याचा विरोधक नाही. ज्या गुणावर धातूचा लेप कण पकडतो, तो गुणच त्याच्यात अर्धवट आहे. पॉलिथिनचे कण पकडल्याच्या बातमीवरून साडीचे किंवा सदऱ्याचे तंतूही तसेच पकडले जातील असे धरून चालता येत नाही.

२०१६मध्ये इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी धुलाईयंत्रातून निघणारे तंतू मोजले. ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यातून ॲक्रिलिकचे ७ लाखांवर, पॉलिएस्टरचे सुमारे ५ लाख आणि पॉलिएस्टर-कापूस मिश्रणाचे सुमारे १ लाख ३८ हजार तंतू निघतील, असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे सांगितल्यावर नववीची मुले एकमेकांच्या सदऱ्यांच्या कॉलरमागची पट्टी वाचू लागली. बहुतेक गणवेशांत पॉलिएस्टरच जास्त निघाले. पूर्ण सुती म्हणावे असे वर्गात टेबलावरचा तो ढीग आणि फळा पुसायचे फडके, एवढेच होते.

पुढच्या तासाला मुलांनी एक गणवेश बादलीत धुतला आणि ते पाणी मलमलच्या दुहेरी कापडातून गाळले. कापडावर राहिलेले तंतू कशाचे हे ठरवायचे होते. मलमलीचे स्वतःचे धागे त्यात मिसळू नयेत म्हणून ती आधी दोनदा नुसत्या पाण्याने खळबळून घेतली होती. ही काळजी अवश्य घ्यावी. तंतू सुईने एकत्र करून त्यांचा लहान गोळा चिमट्यात धरावा आणि शिक्षकांनी स्वतः तो ज्योतीजवळ न्यावा. कापूस असेल तर तो कागदासारखा वास सोडत जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आधी आकसते, मग वितळते, आणि थंड झाल्यावर चिमट्याच्या टोकाला कडक काळी गोळी राहते. मिश्रण असेल तर राखेत अशा बारीक गोळ्या बोटांना लागतात.